होड्या मोजतांना माणूस कसा दिसतो

मिरकरवाड्याच्या जेटीवर ज्यानें एक संध्याकाळ घालविली असेल, त्यास तेथील गजबजाटाचें वर्णन करून सांगावयास नको. नौका धक्क्यास लागतात, मासळीच्या टोपल्या वर चढतात, लिलावाच्या आरोळ्या उठतात, आणि घटकाभरांत बांगडा, सुरमई, कोळंबी बर्फांत बसून दूरदूरच्या गांवीं निघून जाते. आमचे विद्यार्थी हें रोज पाहतात. आणि जें रोज दिसतें तें मनुष्य सहसा मोजीत नाहीं. म्हणून गेल्या वर्षीं ‘सरासरी’ हा पाठ शिकवितांना आम्हीं वर्गांतील कांहीं मुलामुलींस एक लहानसें काम नेमून दिलें. ऑगस्टच्या आरंभापासून मार्चअखेरपर्यंत, रोज संध्याकाळीं एकाच जागीं उभें राहून, एका तासांत किती नौका धक्क्यास लागल्या तेवढेंच वहींत टिपावयाचें. कोणास कांहीं विचारावयाचें नाहीं.

एकेका दिवसाच्या आंकड्यावरून कांहींच बोध होईना. आज पुष्कळ, उद्यां थोड्या, परवां पुन्हां पुष्कळ. परंतु आठ महिन्यांच्या नोंदी एका लांब कागदावर रेषेनें जोडून मांडल्या, तेव्हां त्या कागदास जणूं वाचा फुटली. वादळी हवेचे इशारे आले त्या दिवशीं रेषा खालीं गेली होती, यांत नवल नव्हतें. पण तितक्याच खोल दुसऱ्याही कांहीं खांचा होत्या, आणि त्या दिवशीं दर्या शांत होता. एका मुलीनें भिंतीवरची दिनदर्शिका काढून कागदाशेजारीं ठेवली व बोट ठेवीत वाचलें: हे गणपति, ही दिवाळी, हा शिमगा, ही ईद. मुलें नौका मोजावयास गेलीं होतीं. त्यांच्या वहींत गांवांतील घरांचे सण उतरले होते.

पुढें एका विद्यार्थ्याचे आजोबा कांहीं कामानिमित्त शाळेंत आले असतां तो कागद आम्हीं त्यांस दाखविला. त्यांनीं सारें आयुष्य तांडेल म्हणून दर्यावर घालविलें आहे. बराच वेळ ते त्या रेषेकडे पाहत राहिले व मग म्हणाले, “मास्तर, पोरांनीं होड्या मोजल्या तर मोजूं द्या. पण आतां होडीवर सरकारी यंत्र बसणार म्हणतात. मासा कुठें लागतो हें मीं सख्ख्या भावालासुद्धां कधीं सांगितलें नाहीं. तें यंत्र सगळ्यांना सांगेल काय?”

त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजेच हा लेख होय.

प्रथम, जगांत हल्लीं ज्यास ‘बिग डेटा’ म्हणतात तो काय पदार्थ आहे तें पाहूं. आपण त्यास महासंग्रह म्हणूं. केवळ आंकडे पुष्कळ असले म्हणजे महासंग्रह होतो असें नाहीं. त्याचें खरें लक्षण असें कीं, तो बहुधा आपोआप सांचत जातो. तुमचा फोन खिशांत असतां जवळच्या मनोऱ्याशीं आपली जागा कळवीत असतो. मासे विकणाऱ्या बाईच्या टोपलीशेजारीं ठेवलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या कागदावर फोन धरून पैसे दिले, म्हणजे किती, कोणास व केव्हां दिले याची नोंद कोठेंतरी होते. माणसास विचारलें असतां तो विचार करून, कधीं लाजून, कधीं मोठेपणा सांगण्यासाठीं उत्तर देतो. येथें त्यास कोणी विचारीतच नाहीं. त्याच्या कृतीचा माग तेवढा राहतो. म्हणून मनुष्य आपणांविषयीं काय सांगतो त्यापेक्षां तो प्रत्यक्ष काय करतो, हें या संग्रहावरून पुष्कळदां अधिक स्पष्ट दिसतें.

यांतील मूळ कल्पना मात्र नवी नाहीं. अमेरिकेच्या नौदलांतील मॅथ्यू फाँटेन मॉरी हे अधिकारी १८४२ सालीं वॉशिंग्टन येथें नकाशे व उपकरणें यांच्या कोठारावर नेमले गेले. तेथें जहाजांच्या जुन्या रोजनिशा धूळ खात पडल्या होत्या. कोणत्या दिवशीं, कोणत्या जागीं वारा कसा होता व प्रवाह कोणीकडे ओढीत होता, हें प्रत्येक कप्तानानें टिपलेलें होतें. मॉरी यांनीं त्या रोजनिशांतील नोंदी एकत्र करून १८४७ सालापासून वारे व प्रवाह यांचे नकाशे प्रसिद्ध केले. जो कप्तान आपल्या सफरीच्या नोंदी पाठवील त्यास नकाशा फुकट, असा त्यांचा सौदा होता. प्रत्येक कप्तानास आपली सफर ठाऊक होती. सर्वांच्या सफरींतून दिसणारा मार्ग मात्र कोणा एकासही ठाऊक नव्हता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तांडेलांच्या प्रश्नाकडे परत येतांना ती आपल्या उपयोगी पडेल.

मॉरी यांनीं जें कागदावर केलें, तें आपल्या काळीं उपग्रह व संगणक यांच्या साह्यानें होऊं लागलें आहे. मोठ्या जहाजांनीं एकमेकांवर आदळूं नये म्हणून त्यांवर एक यंत्र असतें. जहाज चालत असतां तें दर कांहीं सेकंदांनीं आपली ओळख, जागा, वेग व दिशा आसमंतांत कळवितें. हे संदेश उपग्रहांसही ऐकूं येतात. २०१२ ते २०१६ या पांच वर्षांतील असे २,२०० कोटी संदेश कांहीं संशोधकांनीं एकत्र केले व ७०,००० हून अधिक मोठ्या मासेमारी जहाजांचा माग काढला. डेव्हिड क्रूड्स्मा व त्यांचे सहकारी यांनीं हें काम ‘सायन्स’ या नियतकालिकांत २०१८ सालीं प्रसिद्ध केलें.

जहाज मासे धरीत आहे कीं नुसतें चाललें आहे, हें संदेशांत लिहिलेलें नसतें. मग तें कळलें कसें? मिरकरवाड्याच्या मुलांस हें समजावयास कठीण नाहीं. जाळें ओढणारी नौका मंद गतीनें पुढें-मागें फेऱ्या घालते. थव्याभोंवतीं जाळें टाकणारी नौका लहानशा जागेंत गोल वळते. बंदराकडे परतणारी नौका सरळ व वेगानें येते. अनुभवी माणूस दूरवरून नौकेची चाल पाहून ती काय करीत आहे हें सांगतो. तीच ओळख संगणकास पुष्कळ उदाहरणें दाखवून शिकविण्यांत आली. त्यावरून असें आढळलें कीं, मोठ्या जहाजांची मासेमारी जगांतील समुद्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रांत चालते, आणि तें क्षेत्र पृथ्वीवरील एकूण शेतीच्या चौपटीहून मोठें आहे.

परंतु आम्हांस अधिक नवल वाटलें तें दुसऱ्याच निष्कर्षाचें. ही जहाजें केव्हां थांबतात व केव्हां निघतात, हें कशावर अवलंबून असावें? आपण म्हणूं, मासळीच्या हंगामावर, किंवा डिझेलच्या भावावर. या दोहोंचा परिणाम होतो खरा. पण तो अपेक्षेहून फारच थोडा आढळला. इंधनाचे भाव चढले काय, उतरले काय, जहाजांच्या फेऱ्यांत लहानसाच फरक पडला. मोठी घसरण दिसली ती चीनच्या नववर्षाच्या सणांत, पाश्चात्य देशांच्या नाताळांत, आणि चीनच्या सरकारनें उन्हाळ्यांत मासेमारी बंद ठेवली त्या काळांत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस बंदी असते, आणि त्या दिवसांत मिरकरवाड्याची जेटी कशी दिसते हें सांगावयास नको. शेंकडों कोटी संदेश उपग्रहांनीं गोळा केले, आणि त्यांतून निघालें तें आमच्या मुलांच्या वहींत निघालें तेंच: मनुष्य केवळ मासळीच्या व पैशाच्या मागें धांवत नाहीं, तो सणाला घरीं येतो, आणि कायदा पाळला जातो तेथें कायद्यानें थांबतो.

एका जहाजाकडे पाहून हें कळलें नसतें. एखादा कप्तान नाताळांतही समुद्रावर राहिला असेल. एखादा भर हंगामांत आजारानें घरीं बसला असेल. प्रत्येकाचें कारण निराळें. पण पुष्कळांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे एकेकट्याचीं कारणें एकमेकांस खोडून टाकतात, आणि सर्वांस समान असलेलें कारण तेवढें वर उरतें. एकेका धान्याचा दाणा कसा उडेल तें सांगतां येत नाहीं, पण सुपांतील दाणे कोणत्या अंगास गोळा होतील तें पाखडणारी बाई जाणते. मोठ्या संख्येचें सामर्थ्य तें हेंच.

आतां दुसरें एक उदाहरण पाहूं. तेंही मासेमारांचेंच असून आपल्याच किनाऱ्यावर, दक्षिणेस केरळांत घडलेलें आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनीं उत्तर केरळांतील किनाऱ्यावरच्या १५ बाजारांतील तारलीचे भाव व विक्री यांच्या नोंदी आठवड्या-आठवड्यानें कित्येक वर्षें गोळा करविल्या. १४ जानेवारी १९९७ या दिवशीं वडकरा येथील किनाऱ्यावर ११ नौकांस गिऱ्हाईकच मिळालें नाहीं. आणि त्याच वेळीं तेथून १५ किलोमीटरांच्या आंत २७ गिऱ्हाईकें मासळी न मिळाल्यामुळें रित्या हातांनीं परत जाण्याच्या बेतांत होतीं. एकास दुसऱ्याची वार्ता नव्हती. अशा रीतीनें आलेल्या मासळीपैकीं शेंकडा ५ ते ८ भाग वायां जात असे. त्याच सालापासून त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्यानें मोबाइल फोन आले. नौका समुद्रावर असतांनाच तांडेल निरनिराळ्या बाजारांत भाव विचारूं लागले. जेथें जेथें फोन पोहोंचला तेथें तेथें मासळी फुकट जाणें जवळजवळ थांबलें. मासेमाराचा नफा सरासरी शेंकडा ८ नीं वाढला, आणि खाणाराचा भाव शेंकडा ४ नीं उतरला. ही हकीकत जेन्सन यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केली. तांडेलांनीं जागा कोणास सांगितली नाहीं. भाव मात्र विचारला व कळविला. कोणती गोष्ट सांगितल्यानें सर्वांचें भलें होतें आणि कोणती गोष्ट ज्याची त्याच्यापाशीं असावी, हा भेद त्या मासेमारांनीं आपण होऊन केला.

एवढ्यावरून मोठ्या संख्येस सर्व कांहीं कळतें असें मात्र समजूं नये. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचाच आंकडा घ्या. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत दर १,००० पुरुषांस ९२९ स्त्रिया आढळल्या. पण रत्नागिरी जिल्ह्यांत दर १,००० पुरुषांस १,१२२ स्त्रिया होत्या. त्याच जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १६,९६,७७७ होती, ती २०११ सालीं १६,१५,०६९ वर आली. देशाची लोकसंख्या वाढत असतां आपली घटली. परक्या विद्वानास हे आंकडे प्रथम कोडें वाटतील. तुम्हांस ते कोडें वाटणार नाहीं. कारण तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील, काका किंवा भाऊ मुंबईस आहेत, आणि गांवांतल्या कित्येक घरांचीं कुलुपें गणपतींत व शिमग्यांतच निघतात. आंकड्यानें माणसें गेलीं हें सांगितलें. तीं कां गेलीं, मागें राहिलेल्या आईनें घर कसें सांभाळलें, आणि परत येण्याची इच्छा किती जणांच्या मनांत आहे, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. मोजणी प्रश्न नेमका कोठें आहे तें दाखविते. उत्तर घेण्यासाठीं दारांत जावेंच लागतें.

शिवाय मोजणीचे कांहीं दोष आहेत, तेही विद्यार्थ्यांनीं ओळखून ठेवावे.

पहिला दोष उत्तर देणाराचा. आपल्या देशाच्या जनगणनांत वयाच्या रकान्यांत ३०, ३५, ४०, ४५ अशा शून्य व पांच शेवटीं असलेल्या वयांचे लोक नेहमींच वाजवीपेक्षां अधिक भरतात, आणि शेजारच्या २९, ३१, ३९, ४१ या वयांचे कमी भरतात. लोक त्याच वर्षीं अधिक जन्मले असें नव्हे. नेमकें वय ठाऊक नसलें म्हणजे मनुष्य गोळाबेरीज सांगतो. आंकडा खोटा असूनही तो येथें एक खरी गोष्ट सांगतो, ती ही कीं जन्माची नोंद ठेवण्याची संवय आपल्यांत उशिरां लागली.

दुसरा दोष अर्थ लावणाराचा. गूगल या कंपनीनें २००८ सालीं अमेरिकेंत असें जाहीर केलें कीं, लोक संगणकावर तापासंबंधीं काय काय शोधतात हें पाहून फ्लूची साथ आम्ही लवकर ओळखूं. कांहीं काळ तें साधलें. पण २०१३ सालीं असें उघडकीस आलें कीं, त्यांचा अंदाज डॉक्टरांकडील प्रत्यक्ष आंकड्यांच्या दुपटीवर गेला होता. साथीच्या बातम्या वाचून धडधाकट माणसेंही तापाविषयीं शोध करीत होतीं, हें त्याचें एक कारण मानलें जातें. यंत्रानें लोकांची भीति मोजली आणि तिलाच रोग समजला.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो आपल्या किनाऱ्याशीं संबंध असलेला आहे. ज्या जहाजांवर संदेश देणारें यंत्र नाहीं, किंवा ज्यांनीं तें बंद ठेवलें, तीं वर सांगितलेल्या मोजणींत आलींच नाहींत. जानेवारी २०२४ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत दुसरें एक संशोधन आलें. त्यांत २०१७ ते २०२१ या काळांतील उपग्रहांचीं छायाचित्रें तपासून समुद्रावर प्रत्यक्ष दिसणारीं जहाजें मोजलीं. तेव्हां असें कळलें कीं, मोठ्या मासेमारी जहाजांपैकीं शेंकडा ७२ ते ७६ जहाजांचा माग सार्वजनिक नोंदींत नव्हताच. आणि अशी बरीचशी मासेमारी आफ्रिका व दक्षिण आशिया यांच्या आसपास चालते. म्हणजे नकाशावर जेथें समुद्र रिकामा दिसत होता, तेथें माणसें राबत होतीं. आपली लहान होडी तर या दोन्ही मोजण्यांच्या हिशेबाबाहेरचीच. जो मोजला गेला नाहीं, त्याच्या नांवानें ना मदत निघते, ना त्याच्या पोटाचा विचार करून नियम होतो. मोजलें जाण्याचें भय आहे तसें न मोजलें जाण्याचेंही आहे.

आतां तांडेल आजोबांच्या प्रश्नाकडे येऊं. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें एका योजनेचा आरंभ झाला. तिच्याअन्वयें किनाऱ्यावरच्या १३ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशीं जोडलेलें यंत्र टप्प्याटप्प्यानें बसवावयाचें आहे, आणि त्यासाठीं सुमारें ३६० कोटी रुपयांचा खर्च योजिला आहे. या यंत्रानें नौकेची जागा कळते. संकटांत सांपडलेल्या नौकेस किनाऱ्याकडे संदेश पाठवितां येतो. वादळाची सूचना व देशाची सागरी हद्द जवळ आल्याचा इशारा नौकेस मिळतो. ज्या घरांतून एखादी नौका परत आली नाहीं, त्या घरास या यंत्राचें मोल कोणी पटवून देण्याची गरज नाहीं.

तरीही आजोबांची शंका अडाणीपणाची आहे असें कोणी म्हणूं नये. जें यंत्र बुडत्याची जागा सांगतें, तेंच यंत्र मासळीचीही जागा जाणतें. तांडेलाचें तें ज्ञान चाळीस वर्षांच्या भरती-ओहोटींतून मिळविलेलें आहे. त्याच्या मुलाबाळांचें तेंच भांडवल. मोठीं जाळीं असलेल्या नौकांच्या हातीं तें पडलें तर लहान होडीनें कोठें जावें? २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, आपलें खाजगी जीवन राखणें हा भारतांतील प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ सालीं व्यक्तीच्या माहितीविषयीं स्वतंत्र कायदा झाला. माहिती कोणत्या कामासाठीं घेतली हें ज्याचें त्यास सांगावें व त्याच कामासाठीं ती वापरावी, हें त्याचें मुख्य तत्त्व, जरी सरकारास त्यांत कांहीं सवलती ठेवलेल्या आहेत.

म्हणून आजोबांस आमचें उत्तर असें: यंत्र आपण होऊन कोणास कांहीं सांगत नाहीं; त्याचा संग्रह ज्याच्या हातीं आहे तो सांगतो किंवा राखतो. तेव्हां यंत्रास भिऊं नका, पण त्यास गप्प बसून होडीवर चढूंही देऊं नका. तीन गोष्टी विचारा. ही माहिती कोण ठेवणार? ती कोणत्या कामासाठीं वापरणार? आणि पुष्कळांची बेरीज प्रसिद्ध होणार, कीं एकेकाची जागा? मॉरी यांच्या कप्तानांनीं आपल्या सफरी दिल्या, पण मोबदल्यांत सर्वांच्या सफरींचा नकाशा मिळविला. तसा नकाशा मिरकरवाड्यासही मिळत असेल, तर देणें शहाणपणाचें; नुसतेंच देणें असेल, तर तें आपल्या मच्छीमार सोसायटीच्या सभेंत उभें राहून बोलून दाखविणें शहाणपणाचें. आणि हे प्रश्न कागदावर नीट मांडून देण्याचें काम शिकणाऱ्या नातवाचें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, गणित कशाला शिकावयाचें असें तुम्ही आम्हांस पुष्कळदां विचारतां. पुढच्या आयुष्यांत तुमचे माग हजारों ठिकाणीं सांचतील, आणि ते वाचून तुम्हांविषयीं निर्णय घेणारे लोक असतील. त्यांचा कागद तुम्हांस वाचतां आला पाहिजे, आणि त्यांत कोण मोजलें गेलें नाहीं हेंही ओळखतां आलें पाहिजे.

आमच्या मुलांच्या मोजणीच्या कागदावर एक दिवस असा आहे कीं, नौकांचा आंकडा नेहमींसारखाच आहे; खांच नाहीं, उंचवटा नाहीं. त्या संध्याकाळीं वही धरणारा मुलगा तास संपल्यावरही जेटीवरून हलला नाहीं, कारण त्याच्या मामाची होडी त्या तासांत आली नव्हती. ती अंधार पडल्यावर इंजिन बिघडलेल्या स्थितींत दुसऱ्या नौकेनें ओढून आणली. त्यानें दुसऱ्या दिवशीं आम्हांस विचारलें, “सर, ती होडी तासांत धरूं कीं नको?” नियमाप्रमाणें ती धरावयाची नव्हती, आणि आम्हीं ती धरूं दिली नाहीं. पण त्या दिवसाच्या आंकड्याशेजारीं त्यानें पेन्सिलीनें लहानसें लिहिलें आहे, ‘एक उशिरां आली.’ तें आम्हीं खोडलेलें नाहीं.